मूग डाळी घेऊन वर येतो, हरभरा का नाही? (बीजपत्रांवर थोडं सविस्तर)

रानबी

दोन कुंड्या घ्या. एकीत मूग टोका, दुसरीत देशी हरभरा. खोली सारखी, पाणी सारखं. काही दिवसांत दोन्हीकडे कोंब दिसतील, पण वाकून पाहिलं तर प्रकार वेगळा आहे. मुगाच्या कोंबाला दाण्याच्या दोन्ही डाळी चिकटलेल्या असतात, त्या मातीतून वर आलेल्या असतात. हरभऱ्याच्या कोंबावर डाळींचा पत्ता नाही. माती उकरली की त्या पेरल्या जागीच सापडतात, सालीतच अडकलेल्या, आणि तिथून एक मूळ खाली आणि एक कोंब वर गेलेला.

शाळेत बीजपत्र, म्हणजे दाण्यातली हीच डाळ, आकृतीत बाण काढून दाखवतात. एकबीजपत्री, द्विबीजपत्री एवढं पाठ होतं आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं की शेतात आणि कुंडीत त्याहून उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: बीजपत्रं जमिनीवर येतात की जमिनीतच राहतात? किती खोल पेरायचं, पपडी (मातीवर सुकून झालेला कडक थर) धरली तर काय होणार, शेंडा कुणी खाल्ला तर रोप परत फुटणार का, हे बरंचसं त्यावर ठरतं. म्हणून हा धागा.

आधी दाण्यात काय असतं ते. शेंगदाण्याचे दोन भाग करा. एका भागाच्या टोकाशी बारीकसं नाक चिकटलेलं दिसेल. पुढचं झाड म्हणजे ते नाक. त्याचं एक टोक मूळ होणार, दुसऱ्या टोकाला दुमडलेली पानं भिंगातून स्पष्ट दिसतात. आणि ते दोन जाड अर्धे म्हणजे त्याच गर्भाची पहिली दोन पानं, अन्न साठवून फुगलेली. तूरडाळ, मूगडाळ, काजूची पाकळी, वालाच्या सोललेल्या डाळिंब्या, हे सगळं आपण खातो ती बीजपत्रंच. डाळ भरडताना ते नाक तुटून चुणीत जातं, म्हणून डाळ पेरून काही उगवत नाही.

कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा-बारा टक्के असतं. ओल मिळाली की दाणा आधी नुसता फुगतो. मेलेला दाणासुद्धा फुगतो, त्यामुळे बी फुगलं म्हणजे जिवंत आहे असं धरू नये. त्यानंतर जिवंत दाण्यात श्वसन वाढतं, स्टार्चची साखर आणि प्रथिनांची अमिनो आम्लं होऊ लागतात, आणि जवळपास नेहमीच सगळ्यात आधी बाहेर येतं ते मूळ. इथून पुढे वाटा वेगळ्या होतात. मुगात मूळ आणि बीजपत्रं यांच्या मधला दांडा लांबतो आणि वाकून त्याची कमान होते. माती फोडते ती कमान, डाळी तिच्या मागून ओढल्या जातात. हरभऱ्यात हा दांडा जवळपास वाढत नाही, बीजपत्रांच्या वरचा दांडा वाढतो. कमान तिथेही असते, पण तिच्या मागे फक्त नाजूक शेंडा असतो, जड डाळी नसतात.

मूग, मटकी, उडीद, चवळी, वाल, सोयाबीन, कापूस, भोपळा, चिंच, काजू यांची बीजपत्रं वर येतात. हरभरा, तूर, वाटाणा, मसूर, लाख, आंबा, फणस यांची खाली राहतात. भुईमूग अधलामधला, त्याची बीजपत्रं जमिनीच्या पातळीशी येऊन थांबतात. कुळावरून अंदाज बांधू नका. आंबा आणि काजू एकाच कुळातले, तरी एकाची कोय मातीत आणि दुसऱ्याची बी वर.

तुम्ही काय काय पाहिलंय ते लिहा. शेती करणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

कुंडीकट्टा

छान धागा. माझे दोन प्रश्न. लाल भोपळा आणि दोडक्याची बी लावली की कधीकधी बीचं टरफल टोपीसारखं पानांवरच अडकून बसतं आणि रोप तसंच खुरटतं. असं का होतं? आणि टोमॅटोच्या रोपाची खालची दोन लांबट पानं पिवळी पडली की खुडून टाकावीत का? आमच्या गच्ची-बाग गटात सगळे खुडा म्हणतात.

रानबी

भोपळावर्गाची गंमत आहे. या बियांमध्ये मूळ आणि दांडा जुळतात तिथे खालच्या अंगाला एक लहानसं गाठीसारखं खुंट तयार होतं. ते टरफलाच्या खालच्या कडेला पाय देऊन ते दाबून धरतं, वरून कमान ताणली जाते आणि बीजपत्रं टरफलातून निसटतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये याचं बारकाईनं वर्णन केलंय. हे नीट व्हायला दोन गोष्टी लागतात. बी आडवी हवी आणि वर पुरेशी ओली माती हवी, म्हणजे टरफल मऊ राहतं आणि मातीत धरलं जातं. बी अगदी वरवर टोकली किंवा वरची माती सुकली की टरफल पानांसकट वर येतं. तेव्हा ओढू नका. पाण्याचा हात लावून थोडा वेळ ओलं राहू द्या, मग दोन बोटांनी अलगद सुटतं.

टोमॅटोचं: अजिबात घाई करू नका. पिवळं पडतंय म्हणजे त्यातलं कामाचं द्रव्य रोप परत काढून घेतंय. ते झालं की पान आपोआप गळतं.

माळीबुवा

रानबीताई, इथे थोडा मतभेद. रोपवाटिकेत ही खालची पानं मातीला टेकली की तिथून बुरशी चढते, आम्ही ती काढतोच. आणि रोप ट्रेमधून उचलताना ही पानं कामी येतात हे कुणी सांगत नाही. नवीन माणूस हटकून रोपाच्या कोवळ्या दांड्याला चिमटीत धरतो. दांडा चेपला की रोप गेलं, त्याला दुसरा दांडा नाही. बीजपत्राला धरून उचला. ते फाटलं तरी रोप जगतं.

रानबी

माळीबुवा, मातीला टेकलेलं आणि सडायला लागलेलं पान काढावं हे मान्य. माझा आक्षेप हिरव्या किंवा नुकत्या पिवळ्या पानाला हात लावण्याला आहे. टोमॅटो, मिरची, वांगं, मोहरी, भोपळा यांची बीजपत्रं नुसती साठ्याची नसतात. वर आली की हिरवी होतात, आकारानं वाढतात आणि खऱ्या पानांसारखं अन्न तयार करतात. लहान बीमध्ये साठा असतो किती? खरी पानं येईपर्यंत सगळी भिस्त या दोघांवर असते.

मूग, सोयाबीन यांची जाड बीजपत्रं थोडी वेगळी. तीही हिरवट होतात, पण मुख्य काम साठा देण्याचं. ती दिवसेंदिवस सुरकुतत, पातळ होत जातात ते डोळ्यांना दिसतं.

दांड्याऐवजी पानाला धरण्याचा सल्ला मात्र सोन्यासारखा आहे.

समुद्रकाठची

मुंबईत समुद्रमेथी मिळते ना, मुळांसकट छोट्या जुड्या? त्यातली ती दोन गोलसर लांबट पानं म्हणजे बीजपत्रंच का?

रानबी

हो. जुडी निवडताना पाहा, काही काड्यांवर त्या दोन साध्या पानांच्या मधून पहिलं खरं पान डोकावत असतं. मोठ्या मेथीला नेहमी तीन-तीन पानं असतात, बीजपत्रं तशी नसतात. मुगात तर तीन पायऱ्या दिसतात: आधी जाड बीजपत्रं, मग समोरासमोर एक साधी जोडी आणि त्यानंतर तीन पानांची पानं.

काळीमाती

मी लातूर भागातला. सोयाबीनवर लिहितो, कारण आमच्याकडं या बीजपत्रांपायी दरसाल लाखोंचं होतं-नव्हतं होतं.

सोयाबीनचा दाणा मोठा, दोन्ही डाळी जाड, आणि त्या सगळ्या घेऊन त्याला वर यायचंय. त्यात साल पातळ आणि मुळाचं टोक सालीच्या अगदी लगत. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोती आपटली, थप्पी उंच लावली की दाणा वरून धड दिसतो पण आत नाक दुखावलेलं असतं. तसला दाणा फुगतो, मोड मात्र येत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून किती तक्रारी झाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यात बियाण्याचा दोष किती, पावसाचा किती यावर गावोगाव भांडणं झाली.

माझ्या मते शेतकऱ्याच्या हातातल्या गोष्टी या. पहिली, घरी उगवण तपासा. गोणपाट ओलं करून त्यावर १०० दाणे रांगेनं मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल राखा. आठवडाभरात उघडून फक्त धड मोड आलेले मोजा. ७० च्या वर निघाले तर नेहमीचं एकरी ३० किलो बियाणं चालतं. कमी निघाले तर त्या मानानं बियाणं वाढवा, फारच कमी निघाले तर ते पेरू नका. सोयाबीन स्वपरागी आहे, घरचं चांगलं राखलेलं बी दोन-तीन हंगाम चालतं.

दुसरी, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय तिफण घालू नका. तिसरी, खोली. ३ ते ५ सेंटिमीटर, त्याहून खोल नाही. ट्रॅक्टरवाला गडबडीत असतो, एका तासावर (पेरलेल्या ओळीवर) थांबवून माती बाजूला करून दाणा किती खाली पडलाय ते स्वतः बघा.

आता पपडी. पेरल्यावर जोराचा पाऊस पडला आणि मग कडक ऊन लागलं की काळ्या रानावर पपडी धरते. सोयाबीन खालून कमान लावून रेटतं. माती उचलली जाते, भेगेतून पिवळी मान दिसते, पण डाळी काही सुटत नाहीत. शेवटी मान मोडते. मोडली की संपलं. त्याच रानात तुरीचे तास असतात, ते बऱ्याचदा उगवलेले दिसतात. आम्हाला वाटायचं तूर काटक म्हणून. तुमचं वाचून नीट उलगडा झाला, तुरीला डाळी ओढायच्याच नाहीत.

रानबी

काळीमाती, ही नोंद धाग्यातली सगळ्यात मोलाची. तुम्ही सांगितलेल्या कमानीबद्दल थोडी भर घालते. कोंबाला माती जड लागली की त्याच्या आत एथिलीन हा वायू जास्त तयार होतो. त्यानं दांडा लांबायचा कमी होतो, जाड होतो आणि कमान आणखी घट्ट वळते. म्हणजे रोप धडका मारायच्या तयारीला लागतं. उजेड लागला की उलटं: कमान सरळ होते, बीजपत्रं उघडतात, हिरवी होतात. पपडीला भेग पडून आत उजेड गेला आणि डाळी अजून खालीच असल्या तर कमान अवेळी उघडू लागते, तेही सोयाबीनला मारक.

अंगणवेल

यावर सोपा उपाय आहे. कुठलंही बी असो, रात्रभर पाण्यात भिजवून पेरा, दोन दिवस लवकर उगवतं. आमच्या आईची पद्धत.

काळीमाती

ताई, कारल्याला, दोडक्याला करा. सोयाबीनला करू नका. पाण्यात टाकलेलं सोयाबीन सकाळी बघा, पाणी गढूळ आणि वास मारतं. ते बी पेरून उपयोग नाही.

रानबी

बरोबर. कोरड्या दाण्यातल्या पेशींची आवरणं आखडलेली असतात. पाणी हळूहळू गेलं तर ती पूर्ववत होतात. पातळ सालीच्या सोयाबीनमध्ये पाणी एकदम घुसलं की ती फाटतात आणि आतली साखर, प्रथिनं बाहेर पाझरतात. वास येतो तो त्याचा. बुरशीला आयतं खाद्य. पेरल्याबरोबर रान तुंबलं तरी हेच होतं.

जाड सालीच्या बियांचं गणित वेगळं. बाभूळ, बहावा, गुंज, चिंचोका यांच्या सालीतून पाणीच शिरत नाही. त्या खरवडून किंवा गरम पाण्यातून काढूनच लावाव्या लागतात. कमळाचं बीसुद्धा कानशीनं घासल्याशिवाय वर्षानुवर्षं पाण्यात तसंच राहतं.

शेळीपालक

शेंडा खाल्ल्यावर फुटतं का, हे मूळ लेखात होतं, ते सांगा ना. हरभऱ्यात शेळ्या शिरल्या तरी पीक येतं, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. सोयाबीनमध्ये हरणं शिरली की नांग्या भरायची, म्हणजे रिकाम्या जागी परत बी टोकायची, वेळ येते.

रानबी

याचं उत्तर डोळे कुठे आहेत त्यात आहे. बीजपत्र जिथे दांड्याला चिकटतं त्या बगलेत एक झोपलेला डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, असतो. हरभरा, तूर, वाटाणा यांत तो डोळा मातीच्या आत असतो आणि त्याच्या वर, मातीतच, आणखी एक-दोन पेरं असतात. वरचं सगळं खाल्लं गेलं तरी खालून नवा कोंब निघतो, आणि बीजपत्रांत साठा शिल्लक असेल तर तो त्याला मिळतो. (कोवळ्या हरभऱ्याची भाजी खुडली की फुटवे वाढतात, ते वरच्या पेरांवरच्या डोळ्यांमुळे. तत्त्व तेच.)

सोयाबीन, मूग, चवळी यांत सगळ्यात खालचा डोळा बीजपत्रांच्या बगलेत, म्हणजे जमिनीच्या वर. हरणानं बीजपत्रांच्या वरून खुडलं तर रोप तिथून फुटू शकतं. त्याच्या खालून तोडलं तर त्या दांड्यावर एकही डोळा उरत नाही. मूळ कितीही शाबूत असो, ते रोप गेलं. शेतात फिरताना हेच बघा: बुंध्यावर बीजपत्रं किंवा त्यांच्या खुणा उरल्यात का? उरल्या असतील तर आठवडाभर थांबून मग नांग्या भरायचं ठरवा.

पाखरांनी फक्त डाळी टिपल्या असतील तर? सोयाबीनचं एक बीजपत्र गेल्यानं फारसा फरक पडत नाही. दोन्ही उगवताच गेली तर रोप मागे पडतं आणि उत्पन्न घटतं. पुढे आठवडा-दहा दिवसांनी गेली तर फिकीर नको, तोवर बराचसा साठा रोपात उतरलेला असतो.

भीमथडी

रब्बीत आम्ही जिरायती हरभरा चांगला ८-१० सेंटिमीटर खोल टाकतो, ओल तिथं असते म्हणून. सोयाबीन तेवढं खोल टाकलं तर दिसणारच नाही. आता कारण कळलं. पण ज्वारी? तीही खोल पडते आणि उगवते. तिचं बीजपत्र कुठं असतं?

रानबी

मातीत, दाण्याच्या आतच, आणि ते शेवटपर्यंत बाहेर येत नाही. ज्वारी, गहू, मका, भात यांत एकच बीजपत्र, ढालीसारखं चपटं, एका बाजूनं गर्भाला आणि दुसऱ्या बाजूनं पिठाळ भागाला टेकलेलं. मक्याचा दाणा भिजवून उभा चिरला की पांढऱ्या-पिवळ्या पिठात एक फिकट, तेलकट भाग दिसतो, तो गर्भ आणि हे बीजपत्र मिळून. इथे साठा बीजपत्रात नाही, पिठात आहे. बीजपत्राचं काम तो शोषून गर्भाला देणं.

आणि हे शोषणं कसं सुरू होतं ते मला फार आवडतं. दाणा ओला झाला की गर्भ जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते पिठाभोवतीच्या थरापर्यंत पोचतं, तो थर अमायलेज हे विकर तयार करतो आणि स्टार्चची साखर होते. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार घड ज्या 'जीए'च्या द्रावणात बुडवतात ते हेच संप्रेरक. त्याचा माग भाताच्या एका रोगावरून लागला. बुरशी लागलेली रोपं भलतीच उंच वाढून कोलमडत. कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये दाखवलं की बुरशीनं सोडलेलं द्रव्यच रोपांना लांबवतं.

कोंब खोलातून सुखरूप वर येतो कारण त्याच्यावर नळीसारखं टोकदार आवरण असतं आणि त्याखालचा दांडा लांबून त्याला पृष्ठभागाशी आणून पोचवतो. पानं आवरणात गुंडाळलेली राहतात. कमानीची गरजच नाही.

पाटावरवंटा

म्हणजे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो त्यात हेच होतं? मोड आलेल्या नाचणीचं पीठ गोडसर लागतं आणि पेज पातळ होते.

रानबी

हेच. स्टार्च तुटलेलं असतं म्हणून पेज घट्ट होत नाही, तेवढ्याच भांड्यात जास्त पीठ घालून बाळाला देता येतं. फक्त ज्वारीचा प्रयोग सांभाळून करा. ज्वारीच्या कोवळ्या हिरव्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, जनावरांनाही कोवळी ज्वारी बाधते ती त्यामुळेच. ज्वारीचे कोंब कोशिंबिरीत घालू नयेत.

उळेवाला

निफाडकडून. कांदाही एकदल ना? पण उळे (कांद्याचं बी) टाकल्यावर वाफ्यात हिरवे वाकलेले दोरे दिसतात, काळं बी टोकाला घेऊन. ते काय?

रानबी

तेच बीजपत्र. कांदा एकदल असूनही त्याचं बीजपत्र वर येतं, लांब दोऱ्यासारखं. मधे गुडघ्यासारखं वाकून तो बाक आधी बाहेर येतो. बीजपत्राचं टोक अजून बीच्या आत असतं आणि तिथलं अन्न शोषत असतं, त्याच वेळी बाहेरचा भाग हिरवा होऊन स्वतः अन्न करत असतो. पहिलं खरं पान त्याच्या बुडाशी एका बारीक फटीतून निघतं. वाफ्यात वाकलेले दोरे दिसत असताना वरची माती सुकू देऊ नये हे तुम्ही करतच असाल.

खाडीकाठ

रत्नागिरीहून. आमच्याकडच्या तीन गोष्टी सांगतो.

आंब्याचं कोयकलम. पावसाच्या तोंडावर रायवळ (गावठी, बिनकलमी) आंब्याच्या कोयी गादीवाफ्यावर लावतात. कोंब तांबूस पानांचा असतानाच, दहा-पंधरा दिवसांचा झाला की रोप कोयीसकट अलगद उपटायचं, शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची, पट्टीनं बांधायचं आणि पिशवीत लावायचं. शिकाऊ माणसाला पहिली ताकीद: कोय सुटता कामा नये. तेव्हा मुळं नावापुरती असतात आणि पानं आपण छाटून टाकलेली. काडी जुळून फुटेपर्यंत कलम जगतं ते कोयीतल्या दोन जाड बीजपत्रांवर. हापूसच्या कलमाची पहिली शिदोरी रायवळाच्या कोयीतली. आणि कोयी ताज्याच हव्यात. उन्हात खडखडीत वाळलेली कोय उगवत नाही, आंबा आणि फणस दोन्ही वाळवून ठेवायच्या बिया नव्हेत.

दुसरं, नारळ. रुजत घातलेला नारळ फोडला की आत पाण्याच्या जागी पांढरा, स्पंजासारखा गोड गोळा निघतो. पोरं त्यावर तुटून पडतात. तो गोळा म्हणजे नारळाचं बीजपत्र. तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याखाली गर्भ असतो, त्याचा कोंब बाहेर जातो आणि बीजपत्र आत वाढत जाऊन पाण्याची पोकळी भरून टाकतं, खोबरं शोषत राहतं. रोपाला पानं आली तरी नारळ खाली तसाच जोडलेला ठेवायचा तो यासाठीच.

तिसरं, खाडीतला कांदळ, खारफुटीचं झाड. त्याचं बी झाडावरच रुजतं. फळातून हातभर लांब हिरव्या शेंगा लोंबतात त्या शेंगा नव्हेत, मूळ आणि बीजपत्रं यांच्या मधला तो दांडा आहे, रानबीताईंनी सुरुवातीला सांगितलेला. पिकला की फळातून सुटतो आणि ओहोटीला असला तर थेट चिखलात उभा रुततो, भरतीला असला तर तरंगत दुसरीकडे जातो. बीजपत्रं फळातच राहतात. तिवराचं वेगळं, त्याची दोन जाड, दुमडलेली बीजपत्रं खाडीच्या कडेला चिखलात पसरलेली दिसतात.

रानबी

खाडीकाठ, कांदळाच्या सुटलेल्या दांड्याच्या वरच्या टोकाचा जवळून फोटो टाकाल का? शेंड्यावरच्या खुणा पाहायच्या आहेत.

कुंडीकट्टा

घटस्थापनेच्या धान्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्या घटाची रोपं नेहमी पिवळी आणि उंच येतात, शेजाऱ्यांची हिरवी. ते बियाण्यामुळे का?

रानबी

उजेडामुळे. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घट असेल तर रोपाला आपण अजून मातीतच आहोत असंच कळतं. हिरवं द्रव्य तयार होत नाही, सगळा साठा दांडा लांबवण्यात जातो. दसऱ्याला उपटण्याऐवजी एखादी मूठ उजेडात ठेवून पाहा, एक-दोन दिवसांत हिरवी होते. उजेड ओळखणारं एक रंगद्रव्य वनस्पतींत असतं. १९५२ मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी लेट्यूसच्या बियांवर लाल उजेड पाडला तर बिया रुजल्या, त्यानंतर अतिलाल पाडला तर थांबल्या, पुन्हा लाल पाडला की पुन्हा रुजल्या. शेवटचा उजेड कोणता एवढंच मोजलं जात होतं. बारीक बियांना हे जास्त लागू. बेगोनिया, पेट्युनिया, लेट्यूस मातीवर नुसतं पसरून हलकं दाबावं, झाकू नये. साठा इतका कमी असतो की खोलातून वर येणं त्यांना परवडत नाही.

रानवाट

एक अपवाद नोंदवून ठेवतो: अमरवेल. तिच्या गर्भाला बीजपत्रंच नसतात म्हटलं तरी चालेल. बी रुजलं की नुसता पिवळा दोरा निघतो, हवेत गोल गोल फिरत आधार शोधतो. थोड्या दिवसांत कुणाला विळखा बसला तर ठीक, नाहीतर वाळतो. लसूणघासाच्या बियाण्यात तिचं बी मिसळून आलं की सगळा वाफा जातो, म्हणून बियाणं चाळून घ्यावं.

खडूफळा

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. बीजपत्रं काढली तर काय होतं, हे मुलांना करून दाखवायचं आहे. कोणतं बी घ्यावं? शाळेच्या आवारात एरंड भरपूर आहे, त्याची बीजपत्रं सुंदर उघडतात.

रानबी

एरंड मुलांच्या हातात देऊ नका, बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय त्यात साठा बीजपत्रांत नसून त्यांच्या भोवतीच्या पांढऱ्या गरात असतो, त्यामुळे प्रयोगाचा अर्थ लावणं अवघड होईल.

चवळी किंवा राजमा घ्या. कुंड्यांचे तीन गट करा: एकात बीजपत्रं तशीच, एकात एक काढलेलं, एकात दोन्ही काढलेली. कोंब वर येऊन कमान सरळ झाल्या दिवशीच नखानं बुडाशी अलगद तोडायची, दांड्याला धक्का लागू द्यायचा नाही. प्रत्येक गटात पुरेशी रोपं ठेवा, एखादं दुसरं कोणत्याही कारणानं मरतं. माती शक्यतो धुतलेली वाळू किंवा कोकोपीट असावी. खतावलेल्या मातीत फरक झाकला जातो. उंची मोजण्यापेक्षा पहिल्या खऱ्या पानांची रुंदी मोजा, फरक तिथे स्पष्ट दिसतो. मुलांना हेही सांगा की बीजपत्रं तोडून पाहण्याचा हा प्रयोग इटलीत मार्चेलो माल्पीगी यांनी सतराव्या शतकातच केला होता.

चौथा गट करायची इच्छा असेल तर आठवड्यानं बीजपत्रं तोडलेला ठेवा. उशिरा तोडल्यानं किती कमी बिघडतं ते मुलांना स्वतः सापडेल.

खडूफळा

चौथा गट नक्की. राजमा दुकानातला चालेल ना, की बियाण्याचाच हवा?

काळीमाती

दुकानातला चालतो, पण जुना असतो. आधी गोणपाटात उगवण तपासून घ्या. जास्तीचे टोका, मग कमजोर उपटून सारख्या जोमाचे ठेवा.

खाडीकाठ

रानबीताई, फोटो पुढच्या ओहोटीला काढून इथेच टाकतो. दोन-तीन अवस्थांचे मिळतील.